शाहिरांची काळी एक

कापडी बॅनरवर वरच्या अंगाला 'जय भीम', खालच्या अंगाला 'गायन पार्टी, गंगाखेड' आणि मधे हातभर जागा कोरी. पेंटरनं तीनदा विचारलं, "अहो, नाव काय टाकू?" चंद्रभाननं तिन्ही वेळा एकच उत्तर दिलं, "आत्ता राहू द्या. नाव यायचंय."

"विद्यापीठाला सोळा वर्षांनी आलं," ढोलकीवाला भुजंग म्हणाला. "आपल्याला किती लागत्यात बघू."

विद्यापीठाचा नामविस्तार होऊन नऊ दिवस झाले होते. रविवार होता. बुद्धविहारापुढच्या पटांगणात आनंदसोहळा होता आणि दिवेलागणीला या पार्टीचा पहिलावहिला कार्यक्रम. पार्टी नवी, पण गाणी एकूण एक सिताराम शाहिरांची. नामांतराच्या चळवळीत शाहीर पायी गावोगाव फिरून गायले होते. अठ्ठ्याहत्तर सालच्या दंगलीत त्यांचं घर जळालं. ढोलकी गेली, तुणतुणं गेलं, गाण्यांच्या वह्या गेल्या. पेटी तेवढी त्यांच्या बायकोनं, सुलाबाईनं, लुगड्यात गुंडाळून डोक्यावरून माहेरी नेली म्हणून वाचली. शाहीर त्यानंतरही गात राहिले आणि शहाऐंशी साली वारले. मागं उरली ती पेटी आणि एक कॅसेट.

त्या कॅसेटवरून ही पार्टी उभी राहिली होती. चंद्रभान बी. एस्सी. झालेला, कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. त्यानं शाहिरांना समोर बसून कधीच ऐकलं नव्हतं. पण कॅसेट त्यानं इतक्या वेळा उलटसुलट केली होती, की कुठल्या कडव्याआधी किती सेकंद थांबायचं तेही वहीत लिहून ठेवलं होतं. त्याचा एकच शब्द ठरलेला होता : हुबेहूब. गायला मुंजाजी, साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला, आवाज भरदार. ढोलकीला भुजंग, त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. कोरसला दोघे जण. पेटीवर स्वतः चंद्रभान. दोन महिने रोज संध्याकाळी तालीम चालली होती.

फक्त नाव नव्हतं. 'सिताराम शाहीर आणि पार्टी' हे नाव लावायची परवानगी मागायला चंद्रभान सुलाबाईकडं गेला होता. तिनं पेटी दिली, चहा दिला, नाव दिलं नाही.

"नावासाठी घर जळालंय आमचं," ती म्हणाली होती. "ते असं मागितलं की द्यायचं न्हाई. आधी ऐकते. मग सांगते."

आणि आज दुपारी चारच्या एस.टी.नं ती आली. विहाराच्या ओसरीवर शेवटची तालीम चालली होती. चंद्रभाननं उठून जय भीम केला, बसायला सतरंजी टाकली.

"पेटी कुठाय?" तिनं पहिलं तेच विचारलं.

पेटी कोपऱ्यात कपड्याखाली होती. चंद्रभानपुढं दुसरीच होती, परभणीहून मागून आणलेली.

"माय, शाहिरांच्या पेटीचे सूर उतरलेत," चंद्रभान म्हणाला. "त्यांनी पहिल्या काळ्या पट्टीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिलाय ना, ते तिथून गायचे. पण कॅसेटवरचा सूर त्याच्या तीन घरं वर लागतो, पांढरी तीनला. वापर नसला की असं होतं. कार्यक्रम झाला की दुरुस्त करून आणतो."

सुलाबाई पदर सावरून बसली. "हं, म्हणा."

मुंजाजीनं खडीसाखरेचा खडा गालात सारला, डोळे मिटले आणि सूर उचलला.

*पाण्या रे, तुझी जात कोणती?*
*ज्यानं शोधली विहीर, त्याला वाट कोणती?*

भुजंगची ढोलकी भरधाव निघाली. वरच्या सुराला मुंजाजीच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, आवाज फाटता फाटता राहिला. पहिलं कडवं संपलं आणि मुंजाजीसकट सगळ्यांनी माना एकाच वेळी डावीकडं वळवून आवाज काढला : "ख्ह्यॅ!"

सुलाबाईनं हात वर केला. ढोलकी थांबली.

"हे काय होतं?"

"काय, माय?"

"हे ख्यॅ."

"शाहिरांची लकब हाय," भुजंग छाती काढून म्हणाला. "पयल्या कडव्यानंतर येती. ती बसवायलाच आठ दिवस गेले बगा."

सुलाबाईनं त्याच्याकडं बघितलं. मग कोरसवाल्यांकडं. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. "अरे लेकरांनो, त्यांना खोकला झाला होता."

भुजंगनं ढोलकीची कडी उगाच वरखाली केली.

"ते जाऊ द्या," ती म्हणाली, आणि आता तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "पण हे गाणं त्यांचं न्हाई. ही चाल पळती. शाहीर कधी पळाले न्हाईत. भरल्या गाडीच्या बैलावानी चालायचे. आन हा मुंजाजी, येवढा दांडगा गडी, बकरीवानी कामून वरडायलाय?"

"कॅसेटवर असंच हाय," मुंजाजी कुरकुरला.

"म्हणून तर ती कॅसेट मी कधी ऐकत न्हाई. लोक म्हणतात, शाहिरांचा आवाज हाय. असंल. मला तर कोणी परकाच वाटतो." तिनं चंद्रभानकडं पाहिलं. "नाव कसं देऊ, बाबा? ह्याला कोणाचं नाव देऊ?"

चंद्रभानचे कान तापले. दोन महिन्यांची मेहनत, सेकंदांची वही, सगळं एका वाक्यात गेलं. पण अपमान गिळतानाही त्याच्या डोक्यात एक वेगळंच खुपायला लागलं होतं. बायको नवऱ्याचा आवाज ओळखत नाही, असं होईल कसं?

"माय, कॅसेट कोणी भरली होती?"

"दिनकरराव गुरुजींनी. चौऱ्याऐंशी साली. आमच्या वसरीवर. गावात लाईट नव्हती चार दिवस."

"मग टेप सेलवर चालवला?"

"हां. सेल पार बसलेले. गुरुजींनी सकाळधरनं छपरावर वाळत घातले होते. उन्हात वाळवले की घडीभर चालायचे."

चंद्रभान जागचा उठला. ओसरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला.

"ह्याला काय झालं?" सुलाबाईनं विचारलं.

"ह्यो असाच हाय," भुजंग म्हणाला. "शिकलेला हाय ना."

चंद्रभाननं कोपऱ्यातली जुनी पेटी आणली आणि नव्या पेटीला लावून ठेवली. दोन्हींचे भाते भरले, दोन्हींवर एकाच वेळी पहिली काळी पट्टी दाबली. दोन पेट्या, एक सूर. केसाचाही फरक नाही. दुसरी पट्टी दाबली, तिसरी दाबली. तेच.

त्यानं दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलले. दोन महिन्यांत त्यानं ही पेटी कॅसेटशी ताडून पाहिली होती, ती पेटीही कॅसेटशी ताडून पाहिली होती. दोन पेट्या एकमेकींशी ताडून पाहायचं मात्र एकदाही सुचलं नव्हतं. आणि सूर उतरतात ते एखाद-दुसरे, कमीजास्त; सगळेच्या सगळे मोजून तीन घरं कसे उतरतील? काटा शून्यावर आहे का ते आधी बघा, असं कॉलेजात पोरांना रोज सांगणारा माणूस, त्यानं स्वतःच चुकीच्या काट्यावर सगळं तोलून घेतलं होतं.

"पेटी बरोबर हाय," तो म्हणाला. "कॅसेट खोटं बोलतीय. सेल बसले होते, म्हणून भरताना टेप हळू फिरला. आता आपण तीच कॅसेट नव्या सेलवर लावतो, मग ती जोरात पळती. आवाज चढतो, चाल पळती. आपण शाहिरांची नक्कल केलीच न्हाई. बसलेल्या सेलची केली."

"मग आता?" मुंजाजी म्हणाला. त्याच्या आवाजात दुःखापेक्षा आशाच जास्त होती.

"भुजंग, तुझ्या दुकानातल्या बॅटरीतले सेल आण. जुने, मेलेले, असतील तेवढे."

टेपला चार सेल लागायचे. चारही जुने घातले तर शाहीर अगदी झोपेत बरळल्यासारखे यायला लागले. एक नवा आणि तीन जुने, तर थोडे वर. दोन नवे, दोन जुने. चंद्रभाननं शाहिरांच्या पेटीवर ठिपक्याची काळी एक धरून ठेवली होती. भुजंग सेल बदलत होता. सातव्या खेपेला कॅसेटमधली पेटी हळूहळू खाली उतरत उतरत त्या धरलेल्या सुरात येऊन मिसळली आणि वर एक आवाज उमटला, रुंद, संथ, मातीच्या रांजणातून यावा तसा.

*ज्यानं खोदली विहीर, त्याला वाट कोणती?*

"खोदली!" कोरसमधला एक जण ओरडला. "शोधली न्हाई, खोदली!"

मुंजाजीनं त्याला गप्प केलं. सुलाबाई टेपकडं बघत होती. तिनं पुढं होऊन टेपच्या डब्यावर हात ठेवला, तापल्या अंगावर ठेवावा तसा. कडवं संपलं आणि टेपमधून खोकला आला, खराखुरा, जड, माणसाचा.

"हे," ती म्हणाली. "हे आमचे शाहीर."

आठ वर्षांनी ऐकत होती ती. पण रडली नाही. गाणं संपेपर्यंत मांडीवर बोटांनी ठेका धरून बसली. मग नाक पुसून म्हणाली, "साडेपाच वाजायले. आता काय म्हणणार तुमी रातच्याला?"

तोच प्रश्न होता. लोक सातला जमणार होते. बसवलेलं तसंच म्हटलं असतं तर कार्यक्रम पडला नसता; ठेका जोरदार होता, पोरं नाचली असती. नव्या सुरात गायचं तर मुंजाजीचं भागत होतं, उलट गळा मोकळाच होत होता. भुजंगला हात आवरायचे होते, एवढंच. अडचण चंद्रभानची होती. त्याची बोटं पांढरी तीनवरून चालायला शिकली होती. काळी एकवरून तेच गाणं म्हणजे प्रत्येक पट्टी वेगळी, प्रत्येक वळण परकं. आणि हाताशी दीड तास.

"तू सांग," मुंजाजी म्हणाला. "चुकला तर तूच चुकणार हाईस."

चंद्रभाननं नवी पेटी मिटली आणि कोपऱ्यात सरकवली. सेकंदांची वहीही तिच्यावर ठेवली. "शाहिरांच्या पेटीवर वाजवतो. काळी एक."

सातला पटांगण भरलं. मानवतहून, येलदरीकडून ट्रक भरून माणसं आली होती. निळ्या पताका, पुढं बायका, मागं झाडाखाली म्हातारी माणसं. पहिल्या ओळीत सुलाबाई, हातांची घडी घालून. स्टेजवर मागं बॅनर, मधली जागा कोरी.

पहिल्याच ओळीला चंद्रभानचं बोट चुकलं. भलतीच पट्टी दाबली गेली, मागून कोणीतरी 'हुर्र' केलं. पण मुंजाजी थांबला नाही. त्यानं तो सूर धरून ठेवला, बॉयलरची शिट्टी धरावी तसा लांब, भरलेला, आणि चंद्रभानची बोटं आंधळ्यासारखी चाचपत त्या सुरापर्यंत येऊन पोचली. ठिपका सापडला. पुढची पट्टी सापडली. भुजंगची ढोलकी भरल्या गाडीसारखी चालायला लागली.

*पाण्या रे, तुझी जात कोणती?*

आणि मागं झाडाखालून आवाज आला. एका म्हाताऱ्याचा. मग दुसऱ्याचा. *ज्यानं खोदली विहीर...* दोन महिने तालमी ऐकूनही वस्तीतल्या एकाही म्हाताऱ्यानं कधी सूर मिसळला नव्हता. त्यांना ही गाणी पाठ होती, पण या चालीत, या सुरात. आता ओळीमागून ओळ उठत गेली. बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. मुंजाजी ओळ टाकायचा आणि सगळं पटांगण ती झेलायचं. चंद्रभानला वाटलं, आपण पेटी वाजवत नाही आहोत. पेटीला सगळं आधीच ठाऊक आहे, आपण नुसता भाता हलवतोय.

पहिलं कडवं संपलं. ठरलेली शांतता आली. आणि त्या शांततेत, दोन महिन्यांच्या सवयीनं, एकट्या भुजंगनं मान डावीकडं वळवून माईकमध्ये आवाज काढला : "ख्ह्यॅ!"

मग पहिल्या ओळीत सुलाबाई हसली. तोंडाला पदर लावून, खांदे गदगदा हलवत हसली. तिच्यामागं झाडाखालचे म्हातारे, ज्यांनी तो खोकला खरा ऐकला होता, तेही हसले. हसता हसताच लोकांनी पुढचं कडवं उचललं, मुंजाजीच्या आधी.

गाणं संपलं तेव्हा टाळ्या थांबेनात. 'वन्स मोअर'चा गिल्ला झाला. सोहळ्याचे अध्यक्ष माणिकराव माईक घेऊन उभे राहिले. "बंधू-भगिनींनो, शांत राहा! या पार्टीचं कौतुक करावं म्हणलं, पण आमच्या कागदावर यांचं नावच न्हाई. बॅनरवरही न्हाई. काय रे, काय नाव तुमच्या पार्टीचं?"

चंद्रभाननं पहिल्या ओळीकडं पाहिलं.

सुलाबाई उठली. स्टेजच्या कडेपर्यंत चालत आली, माणिकरावांनी वाकून माईक तिच्यापुढं धरला. तिला माईकची सवय नव्हती. ती फार जवळून बोलली, त्यामुळं शब्द पार रस्त्यापर्यंत गेले.

"सिताराम शाहीर आणि पार्टी," ती म्हणाली. "लिहा तिथं. मोठ्या अक्षरात लिहा."

पटांगणातून जो आवाज उठला त्यात पुढचं बुडालं असतं, पण तिनं माईक सोडला नव्हता. ती भुजंगकडं वळली. "आन तू रं. खोकला तेवढा शाहिरांपाशी राहू दे."

भुजंगनं दोन्ही कान पकडले. पेंटर गर्दीतून डबा उचलून शिडी शोधायला लागला. मुंजाजीनं गालातली खडीसाखर थुंकून टाकली, आता तिची गरज नव्हती. आणि चंद्रभाननं, पट्ट्यांकडं न बघता, काळी एकवर बोट ठेवलं.