वीस पूर्णांक सात

यंत्राच्या पाठीला वाळलेल्या पावाचा थर चिकटला होता. तिने तो पात्याने खरवडला आणि चुरा फेकून न देता कागदाच्या पुडीत बांधून ठेवला. आगपेटीएवढं यंत्र. दर दहा मिनिटांनी आजूबाजूचं तापमान टिपून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. चौदा दिवसांपूर्वी तिने स्वतः ते केंद्रातल्या नऊ नंबरच्या खोलीत भिंतीवर चिकटपट्टीने लावलं होतं. पाव तिने लावला नव्हता.

"काय निघालं?" मामांनी विचारलं. प्रयोगशाळेची गाडी तेच चालवत, आणि आज सकाळी केंद्रातून यंत्र घेऊन तेच आले होते.

"पाव."

"चला, म्हणजे तिथे पाव तरी मिळतो."

ती हसली नाही. तिने यंत्र संगणकाला जोडलं.

केंद्र म्हणजे शहराबाहेरची जुनी गोदामं. कागदपत्रांशिवाय देशात आलेल्यांना परत पाठवेपर्यंत तिथे कोंडून ठेवत. त्यांच्यावर गुन्हा नव्हता, त्यामुळे सुटकेची तारीखही नव्हती. तिथे आता सरकार चारशे खाटांच्या दुसऱ्या इमारतीला पैसे देणार होतं. गारठ्याच्या तक्रारी फारच झाल्या तेव्हा निधी मंजूर करणाऱ्या समितीने एक अट घातली. सध्याच्या खोल्या राहण्याइतक्या उबदार आहेत, सरासरी वीस अंश, असं प्रयोगशाळेने लिहून द्यायचं, मगच निधी सुटेल. केंद्राने एका खोलीत एक यंत्र लावू दिलं. चिठ्ठी टाकून नऊ नंबर निघाला.

यंत्र लावायला ती गेली तेव्हा त्या खोलीतल्या हीटरला ताजा रंग होता. तिने त्यावर तळहात ठेवून पाहिला. भिंतीइतकाच गार. खाटेवर पस्तिशीची एक बाई खांद्यावर कांबळं घेऊन बसली होती आणि तोंड भिंतीकडे वळवून खोकत होती.

"ताई, हे काय करतं?"

"इथला गारठा लिहून ठेवतं."

"आणि वाचतं कोण?"

"मी."

बाईने तिच्याकडे पाहिलं. "मग नीट चिकटवा. रात्री या भिंतीला पाणी सुटतं."

तिने आणखी दोन पट्ट्या लावल्या. "तरी पडलंच तर जपून ठेवा. फुटलं तर चौदा दिवस वाया जातील."

"तुमचे की आमचे?" बाई म्हणाली.

तिने पिशवी आवरली होती.

आता पडद्यावर ते चौदा दिवस उभे राहिले. दिवसा अकरा-बारा अंश. रात्री नऊ वाजता रेघ चढायची, तेहतीसवर जाऊन थांबायची आणि सकाळी सातला पुन्हा उतरायची. अकरा दिवस हेच. शेवटचे तीन दिवस मात्र रेघ अकरावर आडवी पडून होती.

प्रयोगशाळेचे साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "सरासरी?"

"अठरा पूर्णांक सहा."

"अरेरे." त्यांनी चष्मा वर केला. "हे शेवटचे तीन दिवस बघा की. रेघ मेल्यासारखी आहे. यंत्र बिघडलं असणार. ते दिवस काढून टाकले तर?"

तिने ते मघाशीच मनात करून पाहिलं होतं. "वीस पूर्णांक सात."

"मग झालं तर. उगाच कीस कशाला पाडायचा?"

"सर, ती खोली रात्री तेहतीस अंशांवर कशी जाईल?"

"हीटर लावत असतील रात्रीचा."

"हीटर बंद आहे."

"तुम्ही गेलात तेव्हा बंद होता. बाई, आपण आकडा द्यायचा. इमारत बांधायची की नाही, ते आपल्याला कुणी विचारलेलं नाही. सोमवारी समिती बसतेय. दुपारपर्यंत सही करून माझ्या टेबलावर ठेवा."

ते गेले. तिने यंत्राची जुनी नोंद पुसली, ते पुन्हा सुरू केलं आणि स्वेटरच्या आत, बरगडीला लागून सरकवलं. मग नेहमीसारखे पाण्याचे नमुने तपासत बसली.

"ताप आहे का बाई?" मामांनी विचारलं.

"नाही. मोजतेय."

"आमच्या वेळी काखेत धरायचे. आणि बोलायचं नाही, नाहीतर आईची चापट."

तासाभराने तिने नवी रेघ छापली. नऊ नंबरच्या खोलीतल्या एका रात्रीची रेघ त्याच मापात दुसऱ्या कागदावर छापली आणि दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. चढाला चढ बसला. तेहतीसवरचं टोकही तेच.

ती कागद धरून तशीच उभी राहिली. रात्री भिंतीला पाणी सुटायचं. पट्टी सुटायची. फुटलं तर चौदा दिवस वाया जातील, असं कुणीतरी सांगून गेलं होतं. म्हणून ते रात्रभर अंगाशी धरायचं आणि सकाळी वाट्याच्या पावाचा लगदा करून पुन्हा भिंतीला लावायचं. अशा अकरा सकाळी. त्या बाईने तिचं म्हणणं अक्षरशः पाळलं होतं. आणि तिच्या अंगाची ऊब आता खोलीच्या नावावर लागत होती. तेवढ्या उबेवर चारशे खाटा उभ्या राहणार होत्या.

हातातल्या पेनचं टोपण तडकलं तेव्हा आपण ते किती जोराने दाबतोय हे तिला कळलं.

"मामा, तुमची सून तिथे कपडे धुण्याच्या विभागात आहे ना?"

"आहे की. का?"

"नऊ नंबरची बाई. शेवटच्या तीन दिवसांत काय झालं?"

मामांनी हातातलं फडकं घडी घालून टेबलावर ठेवलं. "तिची चादर धुवायला आली, असं सून म्हणाली. फार खोकायची म्हणे. तीन दिवसांपूर्वी दुपारी गाडीत घालून नेलं."

"दवाखान्याची गाडी?"

"साधीच. कुठे नेलं ते सुनेला कोण सांगणार?"

तेव्हापासून रात्री नऊला रेघ चढली नव्हती. यंत्र बिघडलं नव्हतं. त्या तीनच दिवसांत त्याने बिनचूक खोली मोजली होती.

तिने अहवालाचा फॉर्म पुढे ओढला. मागच्या पानावर एक रकाना होता, 'मोजणीदरम्यान यंत्र हाताळणाऱ्या व्यक्ती: नाव, जबाब, सही'. बारा वर्षांपूर्वी एका कारखान्याने पाण्याचे नमुने बदलले, तेव्हा साहेबांनीच हट्टाने तो घालून घेतला होता. एक जरी नाव राहिलं तरी प्रमाणपत्र अपूर्ण. आणि अहवालावर सही यंत्र लावणाऱ्याचीच चालायची. हाही त्यांचाच नियम.

तिने केंद्राला फोन लावला.

"नाव हवंय," ती म्हणाली. "नऊ नंबरच्या खोलीतल्या बाईंचं. पूर्ण नाव."

"कशाला?" पलीकडचा कारकून काहीतरी चघळत होता.

"अकरा रात्री आमचं यंत्र त्यांच्याकडे होतं. त्यांचा जबाब आणि सही लागेल."

"त्या आता इथे नाहीत मॅडम."

"मग जिथे आहेत तिथला पत्ता द्या. मी येते गाडी घेऊन."

"अहो, एका सहीसाठी कुठे एवढं..."

"एका सहीसाठीच. ती मिळाली नाही तर अहवाल अपूर्ण जाईल, आणि का अपूर्ण आहे ते त्यावर मी लिहीन. सोमवारी समिती वाचेल."

चघळणं थांबलं. पलीकडे कुणीतरी फोनवर हात ठेवला. हाताआडून दोन आवाज ऐकू आले, मग तिसरा, जरा चढा.

साहेब दारात येऊन उभे होते. ते कधी आले ते तिला कळलं नाही. त्यांची नजर टेबलावरच्या फॉर्मच्या मागच्या पानावर होती.

"मॅडम," कारकून म्हणाला. त्याचा आवाज आता अगदी मऊ होता. "वेळ लागेल. तुम्ही ठेवा फोन, आम्ही करतो."

"नको. मी थांबते."

मामांनी खिळ्यावरची गाडीची किल्ली काढली आणि दाराशी उभ्या असलेल्या साहेबांना वळसा घालून खाली गेले. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला, पेन नावाच्या रकान्यावर टेकवलं आणि वाट बघत राहिली.