बाबूशेठचं कुलूपबंद दार

मथुरा बाबूशेठच्या शिलाई कारखान्यात कॉलर शिवायची. भाट्याच्या रस्त्याला पत्र्याची शेड, आत बावीस मशिनी, बावीस बायका आणि संडास एकही नाही. दोन वर्षं मथुरा तेवढंच मागत होती. शेठ म्हणायचे, "बांधू गो, गणपतीनंतर बांधू." कुठल्या वर्षीच्या गणपतीनंतर, ते काही सांगत नसत. तोवर बायका मागच्या काजूच्या बागेत जायच्या. एक आत, एक राखणीला.

शहाऐंशी साली एका सोमवारी शेठना कुणकुण लागली, उद्या फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार. त्यांनी कुठूनसं एक जुनं दार आणलं, मागच्या चिऱ्याच्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकलं, त्याला कुलूप घातलं आणि वर पाटी लावली, 'स्त्रियांसाठी'.

"साहेब काय बायकांच्या संडासात शिरणार नाय," ते मथुरेला म्हणाले. "विचारलं तर सांग, किल्ली झाडूवाल्या राहीकडं आणि राही रजेवर."

साहेब कोल्हापूरकडचे. खानावळीत पहिल्यांदाच कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, तिखट कालवण ओरपून आले होते. खिडक्या मोजल्या, वाळूच्या बादल्या पाहिल्या आणि एकदम घामाघूम झाले.

"बाई, संडास कुठं आहे?"

मथुरेने शिकवलेलं सांगून टाकलं.

"मग पुरुषांचा?"

शेठ आढ्याकडे बघू लागले. साहेबांना थांबायला वेळ नव्हता. त्यांनी दाराला हिसका दिला, तसं दार कुलपासकट त्यांच्या हातात आलं. मागे भिंत. मशिनी थांबल्या. साहेब दार कवटाळून उभे.

मथुरेला त्यांची दया आली. तिने पाण्याचा डबा भरला. "चला साहेब. आमी जातो थंयच चला."

साहेब काजूच्या झाडीत शिरले. मथुरा पाठ करून राखणीला उभी राहिली.

"बाई, आहात ना?"

"हाय, साहेब."

"कोणी येत नाही ना?"

"एक म्हैस येताय. पण ती काय विचारायची नाय."

बऱ्याच वेळाने साहेब लाल मुंग्या झटकत बाहेर आले. शेठ शहाळं घेऊन उभे होते. साहेबांनी ते संपवलं आणि तिथेच बसून तीन पानी शेरा लिहिला. "रोज असंच?" त्यांनी मथुरेला विचारलं.

"पावसात छत्री घेऊन," ती म्हणाली. साहेबांनी चौथं पान घेतलं.

महिन्याभरात दोन संडास उभे राहिले, नळासकट. पहिल्या दिवशी गरज असो नसो, बावीसही जणी आतून कडी लावून आल्या. मथुरा तर दोनदा गेली. संध्याकाळी शर्ट निम्मेच निघाले.