मैनाबाईंचं निळं लुगडं

मी एक जुना ब्रश आहे, खारीच्या शेपटीच्या केसांचा, पाट्या रंगवणारा. आज मी रागात आहे, मित्रांनो, म्हणून गोड बोलणार नाही.

अकोल्याच्या देवमन पेंटरांनी मला घेतलं तेव्हा माझे केस लुसलुशीत होते. भजनी मंडळाच्या फलकावर मी भगवा फिरलो, कव्वालीच्या मुकाबल्याला हिरवा, भीमजयंतीच्या गाण्यांना निळा. "देवमनभाऊ, अक्षर गाते तुमचं!" लोक म्हणायचे. मग फ्लेक्स आले. मी डब्यात पडलो. देवमनभाऊ वारले तरी मला कोणी बाहेर काढलं नाही.

काढलं ते त्यांच्या मुलीनं, शालूनं. ती कॉम्प्युटरवर डिझाइन करते. वऱ्हाडातल्या गाण्यांचं मासिक निघणार होतं, 'गळा' नावाचं. तिनं तयार फॉन्ट लावून पाहिले. एक लग्नपत्रिकेसारखा दिसे, दुसरा औषधाच्या खोक्यासारखा. शेवटी मला रॉकेलमध्ये भिजवून तिनं ते नाव हातानं लिहिलं. 'ळ' असा वळवला, जणू आलाप घेतला. मुखपृष्ठावर बार्शीटाकळीच्या गाणाऱ्या मैनाबाई, निळ्या लुगड्यात. त्या लुगड्याचाच निळा तिनं अक्षरांना दिला.

संपादक गजेंद्रभाऊ अक्षरांवर खूश झाले, निळ्यावर अडले.

"निळा नको बाप्पा. लोक म्हनतीन, हे त्याइचंच मासिक हाये."

"मंग भगवा लावू?"

"तो बी नको, मंग म्हनतीन आमचंच. राखाडी लाव. राखाडीले कोनी काई म्हनत नाई."

"राखेले कोन काय म्हनन, भाऊ!" शालू म्हणाली, आणि रंग बदलायला तिनं साफ नकार दिला.

गजेंद्रभाऊंनी तो परस्पर छापखान्यात बदलून घेतला. अक्षरं राखाडी. आणि मित्रांनो, लुगडंही राखाडी! माझा एकेक केस उभा राहिला.

प्रकाशनाच्या सकाळी मैनाबाई गायला आल्या. अंक डोळ्यांजवळ नेला.

"हे लुगडं माहं नाई. मी काय मयतीले आली व्हती, गजेंद्रा?"

"छपाईत झालं, मावशी."

"अन् मांगच्या पानावरचं जाहिरातीतलं संत्रं? ते तं बरं केसरी छापलं!" मैनाबाईंनी अंक गजेंद्रभाऊंच्या हातात कोंबला. "पह्यले लुगडं आन माहं. मंग गानं."

गजेंद्रभाऊ छताकडे पाहू लागले. शालूनं निळा कालवला, मला बुडवलं आणि गठ्ठ्यातला पहिला अंक ओढला. मग दुसरा. आधी लुगडं, मग अक्षरं. सारे अंक संपेपर्यंत आम्ही दोघं थांबलो नाही. ओले अंक हॉलभर वाळत पडले, पाहुण्यांना त्यांतून पाय जपून टाकत जागेवर जावं लागलं. मग मैनाबाई गायल्या, अशा खड्या आवाजात की माइक बंद करावा लागला.

मित्रांनो, काम झालं की ब्रश धुऊन ठेवा. पण काल तो कुठल्या रंगात होता म्हणून त्याला टाकू नका. आणि माणसाचं लुगडं त्याला न विचारता फेडू नका, कागदावरचं असलं तरी. मला परवा धुतलं, आज पुन्हा धुतलं. पाणी अजून निळंच निघतंय.