तीस ठोके

मोसमाच्या सुरुवातीला बर्फात खड्डा खणून उतार पारखायचं काम एकोणीस वर्षं डॅग्नीचं होतं. यंदा गस्तीप्रमुख लोवेलनं ते ब्रिनला दिलं. ब्रिन सत्तावीस वर्षांची, विद्यापीठातून थेट स्की-गस्तीवर आलेली. तिचा निकाल होता: उत्तरेच्या उतारावरचा बर्फ कधीही सुटून कोसळेल, उतार बंद ठेवा.

"उद्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीची गर्दी आहे," लोवेल वॉकी-टॉकीवर म्हणाला. "डॅग्नी, तूही एकदा बघ. तू म्हणशील तसं करू."

हेच तिला हवं होतं.

ब्रिनच्या खड्ड्यापासून वीस पावलांवर, उताराच्या कडेला तिनं खणलं. तळाशी ऑक्टोबरचा बर्फ, साखरेसारखा सुटा. त्यावर कालचा जड थर. तिनं बर्फाचा खांब कापला, त्यावर फावडं ठेवलं आणि हातानं ठोकू लागली. दहा ठोके मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. खांब जितका लवकर कोसळेल, तितका उतार वाईट. तिसाव्यालाही तो हलला नाही.

"तीस!" ती ब्रिनकडे बघून ओरडली. "ऐकलंस का गं, विदुषी? तुझा बाराव्यालाच आडवा झाला ना?"

"झाला. पण तू सांगशील ते मी मानेन."

"एवढी गरीब गाय होऊ नकोस."

डॅग्नीनं वॉकी-टॉकी तोंडाशी नेला आणि थांबली. कोपरातून आणि खांद्यातून मारताना तिचा हात पडला नव्हता, नुसता टेकला होता. ब्रिनला ते दिसलं नव्हतं.

तिनं दुसरा खांब कापला. या वेळी हात सैल सोडला. तेराव्या ठोक्याला वरचा थर सरळ सुटून तिच्या गुडघ्यांवर आला. उद्या माणसं वाचणार होती, आणि तिचं तोंड कडू झालं होतं.

"तेरा," तिनं कळवलं. "बंदच ठेव."

"म्हणजे पोरीची पारख पक्की आहे!" लोवेल म्हणाला.

"आहे." तेवढ्या एका शब्दाला तिला दम लागला.

"मग मघाचे तीस?" ब्रिननं वही उघडली.

"लिही, पहिला खांब रद्द. ठोके हलके पडले."

"वाऱ्यामुळे, असं लिहू?"

"वारा कुठाय? डॅग्नीनं हात आखडला, असं लिही."

ब्रिननं तसंच लिहिलं. अक्षर मोत्यासारखं होतं. डॅग्नीला त्याचाही राग आला.