शेपूट उचलून मोजा

दचकू नका. हे घड्याळ बोलत नाहीये. ज्याच्या छातीत ते बसवलंय तो मी, लाकडी पंखा, बोलतोय. छताला टांगतात तो नव्हे हो, विमानाच्या नाकावरचा!

एका म्हाताऱ्या सुताराने फळीवर फळी चिकटवून मला घडवलं. दोन माणसांच्या छोट्या विमानावर मी तीस वर्षं फिरलो. आधी बाबा उडवायचे, मग त्यांची लेक, आमची ताई. धाकटा भाऊ मेकॅनिक. विमानाचं काहीही काम झालं, की ताई बाबांसारखीच शेपूट उचलून लाकडी स्टुलावर ठेवायची आणि माझं टोक नि जमीन यांच्यात आपली वीत धरायची. उभं असताना आमच्या विमानाचं शेपूट जमिनीला टेकलेलं असतं आणि नाक वर; धावताना शेपूट वर येतं, नाक खाली जातं, तेव्हा एवढी जागा हवीच.

मग भावाच्या डोक्यात खूळ शिरलं. "ताई, चढताना किती धापा टाकतंय हे! मोठं इंजिन बसवू. पंखाही लांब घेऊ."

मला वाटलं, चेष्टा करतोय. दुसऱ्याच दिवशी त्याने माझे बोल्ट सोडले! मी अवाक. वर मला पॉलिश करून मधल्या भोकात घड्याळ बसवलं आणि त्याच स्टुलावर चढून भिंतीला टांगलं. ताईच्या वाढदिवसाची भेट म्हणे! आता मी फिरत नाही, माझ्यात काटे फिरतात.

समोर तो नवा, धातूचा, चकचकीत मिरवत होता. खोटं कशाला बोलू, मी जळत होतो. याचं काहीतरी बिनसू दे, असं रोज मनात म्हणायचो.

उड्डाणाच्या सकाळी भाऊ म्हणाला, "जागा मोजली मी. वीतभर काय, हातभर आहे!"

चढायला पाय उचललेली ताई थबकली. "स्टूल कुठाय?"

"तिकडे भिंतीपाशी. घड्याळ टांगायला नेलं होतं."

"मग शेपूट कशावर ठेवून मोजलीस?"

भाऊ पळत जाऊन स्टूल घेऊन आला.

दोघांनी शेपूट उचलून स्टुलावर ठेवलं. ताईने वाकून वीत धरली. मावेना. चार बोटं कशीबशी गेली. धावताना पंखा जमिनीवर आपटायला गवतातला एवढासा उंचवटा पुरला असता.

भाऊ पांढराफटक पडला. "ताई, मी तुला..."

"अरे, उडाले नाही ना अजून? आखूड पंखा मागव."

"जुनाच लावू?" माझा जीव नुसता वरखाली झाला.

"या इंजिनाला तो पुरायचा नाही. आहे तिथे छान आहे."

पण मी हादरलो ते त्या उत्तराने नाही. ज्याचं बिनसावं म्हणून मी झुरत होतो, त्याच्या मागे ताई बसणार होती. माझ्या लाकडी डोक्यात हे एकदाही आलं नव्हतं! अजूनही आठवलं की माझी मलाच भीती वाटते.

नवं हवं ते लावा बाबांनो, मला भिंतीवर धूळ खाऊ द्या. पण शेपूट उचलल्याशिवाय मोजू नका. ताई वर गेली की भाऊ माझ्या छातीतल्या काट्यांकडे बघत स्टुलावर बसून राहतो, आणि नव्या पंख्याचा आवाज परत ऐकू येईपर्यंत मलाही चैन पडत नाही.