सैल सोडा

डायलिसिसच्या मशीनला जोडल्यावर माणसाने अंग सैल सोडायचं, असं नव्या समुपदेशक बाईंचं म्हणणं. मी जन्मभर गाडी चालवायला शिकवलं. ‘घाबरू नका, खांदे सैल सोडा’ हे कितीजणांच्या कानीकपाळी ओरडलो. एकाचेही खांदे सैल झालेले आठवत नाहीत.

पण घरी तह झाला होता. मला हे डायलिसिस बंदच करायचं होतं. सुया टोचून तासन्‌तास पडून राहायचं, घरी येऊन पुन्हा पडायचं, याला जगणं म्हणत नाहीत, असं मी बायकोला सुनावलं. ती म्हणाली, "एकदा त्या बाईंचं ऐकून बघा. मग मी अडवणार नाही."

"डोळे मिटा," बाई म्हणाल्या. "पायाची बोटं आवळा. आता सोडा. सुयांचा हात तेवढा हलवू नका."

मी आवळत, सोडत, मनात शिव्या घालत पोटापर्यंत पोचलो. जांभई आली. पाठोपाठ दुसरी. शिव्या आपोआप थांबल्या. अंग हलकं झालं, बाईंचा आवाज लांब गेला. अरे, जमलं की! कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच मला कशाची भीती वाटत नव्हती.

"बघा, चेहरा किती शांत झालाय," बाई म्हणाल्या.

"शांत कसला? बीपी उतरलंय त्यांचं!" सिस्टर धावली. तिने डोक्याकडची बाजू खाली केली, पाय वर घेतले, सलाईन सोडलं. मला काही कळेना. हे सुख होतं की चक्कर? बाई खऱ्या की सिस्टर? तेवढ्यात कुणीतरी "सिस्टर, जाऊ नका, धरा मला!" म्हणून ओरडायला लागलं. तो मीच होतो.

बीपी जागेवर आल्यावर बायकोला आत सोडलं. बाई कोपऱ्यात चेहरा पाडून उभ्या होत्या.

"बरं वाटलं का हो?" बायकोने विचारलं.

"फार बरं वाटलं. म्हणून तर घाबरलो."

तिने जवळ येऊन माझ्या पायांवरची चादर सारखी केली.

"मग आता? बंद करायचं?" तिने विचारलं.

"पुढच्या वेळी तू आत बस," मी म्हणालो. "माझ्याशी बोलत राहा. भांडलीस तरी चालेल, पण गप्प बसू नकोस."