बासष्ट किलो

ईश्वरप्पा वस्तादांनी परगावची पोरगी घरात ठेवून घ्यायचं ठरवलं, आणि बायकोला सांगितलं ते पोरगी एसटीत बसल्यावर.

"हदगावची हाय. विशाखा नाव," गोठ्याच्या दारात उभं राहून ते म्हणाले. "बाप तिथं डेपोत मेकॅनिक हाय. चौदा वर्षांची पोर, पण तशी पकड माझ्या तालमीत एका पोराची न्हाई. राहील आपल्यापाशी."

नीलाबाई देवणी गाईची धार काढत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "उतरणार कवा?"

"चारला."

"आन् मला आता सांगून राहिले का तुम्ही?"

वस्तादांनी वैरणीची पेंढी गाईपुढं सरकवली. मोंढ्यातलं धान्याच्या अडतीचं दुकान धाकट्या भावाच्या हवाली करून त्यांनी उदगीरला घरामागं पत्र्याची तालीम काढली, तेव्हाही असंच झालं होतं. आधी पत्रे आले होते, मग बातमी. नीलाबाईंनी चरवी उचलली आणि मधली खोली झाडायला घेतली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. त्या खोलीत ज्वारीची पोती आणि जुनी शिलाई मशीन सोडून कुणी राहिलं नव्हतं.

चारच्या गाडीनं बापलेक आले. पोरीचे केस बारीक कापलेले, मनगटं रुंद, नजर जमिनीकडं. ती वस्तादांच्या मागोमाग आत आली. बाप, ग्यानोबा, मात्र उंबऱ्याबाहेर थांबला.

"आत या की," नीलाबाई म्हणाल्या.

"आम्ही बौद्ध आहोत, ताई," ग्यानोबा म्हणाला. आवाजात ना लाज होती ना तोरा. "पोरगी राहणार हाय, तर आधी सांगितलेलं बरं. मागून कुणी काही बोललं तर तिला लागंल."

नीलाबाईंनी पदराला हात पुसले. "आमच्या लिंगायतांत कोण कुठला हे इचारायचं नसतं, असं लहानपणापासून ऐकत आले," त्या म्हणाल्या. "ऐकलेलं किती खरं, ते आता कळंल. या, चहा ठेवलाय."

ग्यानोबा आत आला. पोरीनं मान वर करून नीलाबाईंकडं पहिल्यांदा नीट पाहिलं.

पहिलं वर्ष तसं धड गेलं, अडचण आली ती खुराकाची. वस्तादांचा अख्खा जन्म दूध, बदाम आणि तुपावर गेलेला. त्या घरात लसणाचा वाससुद्धा सोमवारी वर्ज्य. पण पोरीला चक्कर यायला लागली, तेव्हा बाजारातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून स्पष्ट सांगितलं, "हिला अंडी द्या. रोज चार."

वस्ताद घरी येऊन डोकं धरून बसले. विशाखा म्हणाली, "न्हाई तरी चालतं मला." तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

दुसऱ्या दिवशी नीलाबाईंनी गोठ्याशेजारी तीन दगडांची चूल मांडली, नवं पातेलं आणलं आणि नाकाला पदर लावून अंडी उकडायला ठेवली. किती वेळ उकडायची हेही त्यांना ठाऊक नव्हतं. पहिली चार फुटली. शेजारच्या कमलम्मांनी भिंतीवरून डोकावून पाहिलं.

"नीला, तुझ्या अंगणात हे?"

"हाव."

"गाईजवळ?"

"गाय काही बोलली न्हाई अजून," नीलाबाई म्हणाल्या आणि काटकीनं अंडं उलटं केलं.

पुढं दोन महिने कमलम्मा भिंतीपाशी आल्या नाहीत. मग एक दिवस स्वतःहून आल्या आणि म्हणाल्या की अंड्याच्या पाण्यात मीठ टाकलं की ते तडकत नाही, असं त्यांच्या सुनेनं सांगितलंय. नीलाबाईंनी मीठ टाकायला सुरुवात केली.

पोरगी काकू म्हणायची. दीडेक वर्षात ती अव्वा म्हणायला लागली. गल्लीतली निम्मी पोरं आपल्या आईला अव्वाच म्हणत, त्यांचं ऐकून. पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी नीलाबाईंच्या हातून शिऱ्यात तूप तेवढं जास्त पडलं.

कुस्तीत तर तिनं मागं वळून पाहिलं नाही. देवणी गावच्या जत्रेत तिच्या जोडीला पोरगी मिळेना, तेव्हा पंचांनी एका पोराला उतरवलं. तो हसत हसत आला आणि दीड मिनिटात आभाळाकडं बघत पडला. त्याच्याच काकानं येऊन विशाखाला फेटा बांधला. मग शाळेच्या स्पर्धा, मग जिल्हा, मग विभाग. मातीतून ती मॅटवर गेली. वस्ताद जुन्या वळणाचे, पण मोबाइलवर जपान्यांच्या कुस्त्या बघून बघून त्यांनी स्वतः नवे डाव उचलले आणि तिला शिकवले. दोन वर्षं ती पंचावन्न किलोत खेळली, दोन वर्षं एकोणसाठमध्ये. लातूरला तिचं नाव पुकारलं की बाकीच्या पोरी एकमेकींकडं बघायच्या.

राज्याच्या स्पर्धेत मात्र ती दोनदा उपान्त्य फेरीत हरली. तिसऱ्या वर्षी वस्तादांनी मनावर घेतलं. त्या वेळी ती एकोणीस वर्षांची होती, आणि तिचं अंग भरत चाललं होतं. काट्यावर उभी केली की बासष्ट, कधी साडेबासष्ट.

"एकोणसाठच," वस्ताद म्हणाले. "उतरव वजन."

वरच्या, बासष्टच्या गटात कोल्हापूरकडची एक पोरगी होती. चार वर्षं तिला कुणी हरवलं नव्हतं. खालच्या गटात मैदान मोकळं होतं. वस्तादांचा हिशोब सरळ होता.

मग सुरू झालं ते हाल करणं. भर उन्हात अंगात प्लॅस्टिकचं जाकीट घालून पळायचं, ताटात अर्धी भाकरी, पाणी घोटभर. पोरगी हूं की चूं करत नव्हती. पण एकदा सकाळी नीलाबाईंनी पाहिलं, तिला सदऱ्याचं बटण लावता येईना. बोटांत जोरच उरला नव्हता. एका बटणाला तिला किती वेळ लागला, ते नीलाबाई दाराआडून बघत राहिल्या.

त्या दिवसापासून वस्ताद पोरांना घेऊन मैदानावर गेले की नीलाबाई तव्यावर धपाटं टाकायच्या, वर लोणी ठेवायच्या.

"अव्वा, वस्तादांना कळलं तर?"

"खा आधी."

विशाखा दोनदा नको म्हणाली. तिसऱ्यांदा तिनं असं खाल्लं की नीलाबाईंना दुसरीकडं बघावं लागलं.

लातूरला निवडीच्या दिवशी काटा थांबला एकोणसाठ किलो सातशे ग्रॅमवर. तासभर पळवलं, पुन्हा उभी केली. एकोणसाठ चारशे. वेळ संपली. यादीतून तिचं नाव कटलं आणि ते वर्ष एकही कुस्ती न खेळता गेलं.

दुपारच्या गाडीनं ते दोघं परत आले. वस्ताद चपला काढता काढता म्हणाले, "मी ताट बघून देत होतो. मग हे सातशे ग्रॅम आले कुठून?"

"मीच खाल्लं," विशाखा म्हणाली. "भूक सोसली न्हाई. मीच घेतलं डब्यातून."

"खोटं बोलून राहिली ती," नीलाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "मी भरवलं. महिनाभर. तुम्ही काट्याकडं बघत होता, मी तिच्याकडं बघत होते. लेकराला बटण लावता येत नव्हतं."

वस्तादांनी एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा पोरीकडं, आणि ते तालमीत निघून गेले.

नऊ दिवस ते नीलाबाईंशी बोलले नाहीत. जेवायला येत, ताटाकडं बघून जेवत, उठून जात. नीलाबाईंना त्यांच्या अबोल्याचं तितकं वाटलं नाही. पोरीचं अख्खं वर्ष आपल्या हातानं गेलं, ते मात्र आत कुठंतरी सलत राहिलं. पूजेला बसल्या की त्यांचं मन हातातल्या इष्टलिंगावर ठरेना. आपण माया केली की घात केला, याचं उत्तर त्यांना सापडत नव्हतं.

विशाखा मात्र पोटभर जेवत होती, झोपत होती आणि तालमीत जात होती. आता वजन उतरवायचं कारणच उरलं नव्हतं. दहाव्या दिवशी सकाळी नीलाबाई दुधाचे पेले घेऊन तालमीच्या दारात गेल्या, तेव्हा आत मल्लिनाथशी तिची झोंबी चालली होती. मल्लिनाथ म्हणजे तालमीतला सगळ्यात तयार गडी, पासष्ट किलोचा. त्यानं पट काढायला तिच्या पायाला हात घातला. ती बैठकीवर अशी बसली की तो जागचा हलेना, आणि मग तिनं त्याला बगलेत घेऊन मॅटवर आदळलं. मल्लिनाथ उठला. पुन्हा तेच झालं.

"आज खाऊन काय आली ही?" तो धापा टाकत म्हणाला.

वस्ताद भिंतीला टेकून उभे होते. मग दाराशी आले, नीलाबाईंच्या हातातला एक पेला घेतला आणि म्हणाले, "नीला, हिला पोटभर वाढत जा."

"आन् एकोणसाठ?"

"ती एकोणसाठची न्हाईच." त्यांनी दुधाचा घोट घेतला. "पोरगी नव्हती भीत. त्या कोल्हापूरकडच्या पोरीला मी भिऊन राहिलो होतो."

इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं असं कबूल केलेलं नीलाबाईंनी पहिल्यांदाच ऐकलं. उरलेले पेले त्यांनी पोरांना वाटले आणि घरात येऊन दुपारच्या भाकरीला जास्तीचं पीठ काढलं.

पुढच्या वर्षी राज्याची स्पर्धा नांदेडला भरली. विशाखा बासष्टमध्ये उतरली आणि अंतिम फेरीत पोहोचली. समोर कोल्हापूरकडची तीच पोरगी. नीलाबाईंनी तोवर विशाखाची एकही मोठी कुस्ती पाहिली नव्हती. घरी गाय असते, हे कारण नेहमी तयार असायचं. या खेपेला कमलम्मा म्हणाल्या, "धार मी काढीन. जा तू."

प्रेक्षकांत विशाखाची आई कोंडाबाई आधीच येऊन बसली होती. पांढऱ्या साडीत, ताठ. तिनं सरकून जागा दिली. दोघी शेजारी बसल्या आणि मॅटकडं बघायला लागल्या.

पहिल्या तीन मिनिटांत विशाखावर सहा गुण चढले. तिला मिळाले दोन. समोरची पोरगी खरंच जबर होती. विशाखानं हात घालावा आणि तिनं तो सोडवून मागून धरावं.

"जमंल का हो?" कोंडाबाईनं हळूच विचारलं.

"मला त्यातलं काही कळत न्हाई," नीलाबाई म्हणाल्या. "पण दमली न्हाई ती. बघा ना, श्वास कसा चालून राहिलाय."

ते खरं होतं. दुसऱ्या फेरीत समोरची जड पडायला लागली. विशाखा ढकलत राहिली, ढकलत राहिली. चाळीस सेकंद उरले होते. त्या पोरीनं वेळ काढण्यासाठी बगलेतून हात घालून कवळ घातली, आणि विशाखानं तोच हात काखेत आवळून कमरेवरून ढाक मारली. ती जुनी मातीतली ढाक होती, जपान्यांची नव्हे. दोन्ही खांदे मॅटला लागले. पंचानं तळहात आपटला.

चितपट. गुण मोजायचं कामच उरलं नाही.

कोंडाबाईनं नीलाबाईंचा हात धरला होता, तो केव्हा धरला ते दोघींनाही आठवेना. खाली ग्यानोबा पोरीसारखा रडत होता आणि वस्ताद त्याला सांगत होते, "रडू नको, फोटो काढून राहिलेत लोक." त्यांचेही डोळे वाहत होते.

त्यानंतर विशाखा सहा वर्षं राज्यात त्या गटात अजिंक्य राहिली. राष्ट्रीय स्पर्धेत एकदा कांस्य, दोनदा रौप्य आणि एकदा सुवर्ण. मधे गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. ते सात महिने ती उदगीरलाच होती. नीलाबाई रोज गुडघा शेकायच्या आणि ती पडल्या पडल्या स्पर्धा परीक्षेची पुस्तकं वाचायची. परीक्षा पास झाली, नांदेडला क्रीडा अधिकारी म्हणून लागली. इस्लापूरच्या आनंदराज मास्तराशी लग्न केलं. तो स्वभावानं गरीब, आणि कुस्तीतलं त्याला नीलाबाईंइतकंच कळतं.

ऑलिम्पिकला ती गेली नाही. निवडीत एकदा अगदी शेवटच्या कुस्तीत हरली. ते तिला बोचलं, पण कुणी विचारलं तर ती म्हणते, "ती पोरगी माझ्यापेक्षा चांगली होती त्या दिवशी." आणि विषय संपवते.

गेल्या वर्षी तिनं खेळणं थांबवलं आणि हदगावला पोरींची तालीम सुरू केली. डेपोजवळचं एक रिकामं गोदाम मिळालं, त्यात मॅट टाकली. उद्‌घाटनाला कुणाला बोलवायचं यावर गावात बरीच चर्चा झाली. विशाखानं कुणाचं ऐकलं नाही. फीत कापायला तिनं दोघींना उभं केलं, कोंडाबाईला आणि नीलाबाईंना. दोघींनी मिळून एकाच कात्रीनं फीत कापताना ती वाकडीतिकडी कापली गेली.

आत एकोणीस पोरी होत्या. कुणी कापूस वेचणाऱ्यांच्या, कुणी वाण्याच्या, एक तर कंडक्टरीणबाईंची. वस्तादांचे गुडघे आता वाकत नाहीत, तरी खुर्चीत बसून त्यांनी तासभर आरडाओरडा केला. पाय मागं. मान वर. अगं, हात कुठं चाललाय तुझा. पोरी सुरुवातीला बिचकल्या, मग हसायला लागल्या. विशाखा त्यांच्यामधून फिरत होती, कुणाचा खांदा दाबत, कुणाचं कोपर आत ढकलत. नीलाबाई दाराजवळच्या बाकावर बसल्या. आपल्याला त्यातलं थोडंफार कळायला लागलंय, हे त्यांच्या लक्षात आलं. कोपऱ्यातली हिरव्या सदऱ्याची पोर पट काढताना डोकं खाली घालते, ते बरं नव्हे. त्यांनी ते विशाखाला सांगितलंसुद्धा.

"हाव अव्वा, तेच सांगून राहिले तिला," विशाखा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वस्ताद उदगीरला परतले. नीलाबाई चार दिवसांसाठी म्हणून कोंडाबाईकडं राहिल्या. सकाळी दोघी तालमीत जात, दुपारी पडवीत शेंगा फोडत बसत. अकराव्या दिवशी वस्तादांचा फोन आला, घरी कधी यायचंय म्हणून.

"बघते," नीलाबाई म्हणाल्या. "इथं पोरींची जिल्ह्याची निवड हाय सोमवारी. ती झाल्यावर निघीन."

आणि त्यांनी शेंगांचं सूप पुन्हा मांडीवर ओढून घेतलं.